अण्णांची तीनशे बारा पानं

कुंडलच्या लालासाहेब सुभेदारांची थोरली मुलगी क्रांती कामाला चोख, असं सांगलीत सगळे म्हणत. त्यात खोटं काही नव्हतं. पुण्यात सहा वर्षं नोकरी करून ती परत आली आणि विश्रामबागेत दोन खोल्या घेऊन वेबसाइट बनवायचं ऑफिस तिनं थाटलं. बेदाण्याचे व्यापारी, हळदीचे अडते, रोपवाटिका, मंगल कार्यालयं असली गिऱ्हाइकं तिच्याकडे यायची. ती समोरच्याला कळेल अशा मराठीत बोलायची आणि दिलेली तारीख कधी चुकवायची नाही. आठवड्यातून एकदा एका कॉलेजात शिकवायलाही जायची. सुभेदारांचं फौजी वळण पोरीत उतरलंय, असं कुंडलला कुणी म्हटलं की ती वरवर हसण्यावारी न्यायची, पण आतून सुखावायची.

या नावलौकिकामुळंच शांतिनाथ मगदुमांचं काम तिच्याकडं आलं.

मगदुमांना सगळी मिरज अण्णा म्हणायची. वय चौऱ्याहत्तर. चाळीस वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरमागं उभे राहिलेले. मिरजेला उपचारासाठी माणसं कुठून कुठून येतात. जत, आटपाडी, सांगोला, पार अथणी-विजापूरकडून. चिठ्ठीवरचं औषध हातात पडलं तरी ही माणसं काउंटरवरच घुटमळायची. पेशंटबरोबरच्यांनी राहायचं कुठं, पथ्याचं जेवण कुठं मिळतं, सरकारी योजनेचा फॉर्म कोण भरून देतं, हे त्यांना कुणाला तरी विचारायचं असायचं. अण्णा सांगायचे. काम सोडल्यावर त्यांनी हेच लिहून काढायचं मनावर घेतलं. भाच्याकडून एक साधी वेबसाइट करून घेतली, तिला 'मिरज मुक्काम' असं नाव दिलं आणि अकरा वर्षं रोज सकाळी देवदर्शन झालं की थोडं थोडं लिहीत गेले.

तीनशे बारा पानं झाली. दिसायला साइट गबाळी होती. हिरव्या पट्टीवर पिवळी अक्षरं, आणि प्रत्येक पानाच्या पत्त्याच्या शेवटी नुसता एक आकडा. पण आटपाडीकडच्या एखाद्यानं मोबाइलवर 'मिरज डायलिसिस जेवण' असं कसंही शोधलं तरी सगळ्यात वर अण्णांचंच पान यायचं. खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांतल्या नर्सबाई त्या पानांचे पत्ते छापून रुग्णांच्या हातात द्यायच्या. गावोगावच्या आशाताईंच्या ग्रुपवर त्या लिंका वर्षानुवर्षं फिरत होत्या. दिवसाला हजारभर माणसं साइटवर यायची. अण्णांना याचं मोठं अप्रूप होतं. सकाळच्या चहाला आदल्या दिवशीचा आकडा चंपाबाईंना, म्हणजे त्यांच्या पत्नीला, वाचून दाखवायचा हा त्यांचा शिरस्ता होता.

मिरजेतल्या काही डॉक्टरांच्या मंडळानं ठरवलं, की अण्णांना साइट नवी करून द्यायची आणि महावीर जयंतीला तिचं उद्घाटन करायचं. क्रांतीनं काम घेतलं. नवं सॉफ्टवेअर, मोबाइलवर स्वच्छ दिसणारी पानं, मोठी अक्षरं. आकड्यांचे जुने पत्ते काढून प्रत्येक पानाला तिनं शब्दांतला पत्ता दिला. वाचताच पान कशाबद्दल आहे ते कळावं, असा. विचार चांगलाच होता.

पण पानाचा पत्ता बदलला, की जुन्या पत्त्यावर येणाऱ्या माणसाला आपोआप नव्या पत्त्यावर नेऊन सोडायची तजवीज करावी लागते. रीडायरेक्ट म्हणतात त्याला. ती केली नाही तर जुनी प्रत्येक लिंक मरते, आणि इतक्या वर्षांत शोधल्यावर येणाऱ्या यादीत त्या पानानं कमावलेली जागाही जाते. क्रांतीला हे माहीत नव्हतं असं नाही. कॉलेजातल्या पोरांना ती पहिल्याच महिन्यात हे शिकवायची. बिऱ्हाड बदललं तर पोस्टात कळवता ना, तसंच हे, असं सांगायची.

तीनशे बारा जुन्या पत्त्यांसमोर तीनशे बारा नवे पत्ते मांडायचे. काम अवघड नव्हतं, कंटाळवाणं होतं, म्हणून तिनं ते शेवटी ठेवलं. शेवटच्या आठवड्यात एका हळद व्यापाऱ्याचं तातडीचं काम मध्ये घुसलं. महावीर जयंती तोंडावर आली. उद्घाटन होऊन जाऊ दे, मग दोन दिवसांत उरकू, असं तिनं मनाशी ठरवलं. उद्घाटन थाटात झालं. अण्णा पांढऱ्या टोपीत स्टेजवर बसले होते. क्रांतीला शाल दिली, पेपरात फोटो आला, सुभेदारांनी तो कापून भिंतीला लावला. दोन दिवसांचे वीस दिवस झाले. एप्रिल संपताना जुनी साइट जिथं ठेवलेली होती त्या सर्व्हरची मुदत संपली आणि तिथलं सगळं पुसलं गेलं. पानांचा मजकूर ऑफिसातल्या मुलींनी नव्या साइटवर हातानं उतरवून घेतला होता, पण कुठला मजकूर कुठल्या आकड्याचा, हे कुणीच लिहून ठेवलं नव्हतं.

मे महिन्यात एकदा कॉलेजच्या परीक्षेचे पेपर तपासताना एका मुलाच्या उत्तरात तिनं 'रीडायरेक्ट' हा शब्द वाचला आणि अण्णांचं राहिलेलं काम तिला आठवलं. विसरणं माणसाच्या हातून होतं. पण आठवल्यावर तिनं जे केलं ते विसरण्यातलं नव्हतं. तिनं उत्तराला पैकीच्या पैकी गुण दिले, पुढचा पेपर घेतला आणि कुणाला काही सांगितलं नाही.

जूनमध्ये अण्णांचा फोन आला.

"क्रांती, माणसं कमी झाली गं. हजाराची दीडशेवर आली. आजचा आकडा तर ऐंशी."

"अण्णा, सर्चचे नियम सारखे बदलत असतात," ती म्हणाली. "साइट नवी आहे. घडी बसायला वेळ लागतो."

"असं होय," अण्णा म्हणाले. "तू आहेस म्हणून काळजी नाही."

ती वाक्यं एकेकटी घेतली तर खोटी नव्हती, म्हणून तर ती तिच्या तोंडून इतक्या सहज गेली.  त्या दुपारी तिनं जुन्या पत्त्यांची यादी कुठं मिळते का ते शोधून पाहिलं. ती मिळाली नाही. एकेका पत्त्याचा माग काढायचा तर अण्णांना विचारावं लागणार होतं, आणि विचारायचं तर का ते सांगावं लागणार होतं. तिनं तो विषय मिटवला.

जुलैत अण्णांनी पुन्हा फोन केला. आवाज जरा संकोचलेला. "एक विचारतो, खरं सांग. माझी भाषा जुनी झालीय का? आजकालच्या माणसांना माझं लिहिणं आवडत नसेल. तसं असेल तर मी सुधारून लिहितो."

नाही अण्णा, तुमच्या लिहिण्यात काही दोष नाही, एवढं म्हणायला तिला काही अडचण नव्हती. पण तसं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, की मग कशात आहे. ती म्हणाली, "बघा थोडं. सुधारायला काय हरकत आहे."

आणि अण्णा सुधारायला बसले. काही दिवसांनी तिनं साइट उघडली तर पहिली साठेक पानं त्यांनी बदललेली. 'भाकरी मऊ मिळते, दात नसलेल्यांना चालेल' असं जिथं होतं तिथं आता 'ज्येष्ठांसाठी सुयोग्य आहारव्यवस्था उपलब्ध' असं आलं होतं. 'डब्याच्या मावशी जरा फटकळ आहेत पण मनानं चांगल्या, घाबरू नका' हे वाक्य गेलंच होतं. क्रांतीनं लॅपटॉप बंद केला. दिवसभर तिचं कशात लक्ष लागलं नाही.

ऑगस्टमध्ये तिला साताऱ्याला जायचं होतं. पुण्याच्या नोकरीत तिची वरिष्ठ असलेली संयोगिता आता साताऱ्यात स्थायिक झाली होती आणि छोटे उद्योग करणाऱ्या बायकांसाठी वर्ग घ्यायची. क्रांतीचं बोलणं तिनं दोन महिने आधीच ठरवून ठेवलं होतं. विषय असा, की साइट बदलताना आधीची ओळख कशी टिकवायची. क्रांतीला नाही म्हणता आलं असतं. तिनं म्हटलं नाही.

ती चांगलं बोलली. जुन्या पत्त्यांची यादी आधी करा. प्रत्येकाला त्याचंच नवं पान जोडा, सगळे उचलून मुख्य पानावर टाकू नका. बदल कायमचा आहे अशी खूण द्या. आपल्याच पानांतल्या आतल्या लिंका बदला. नंतर महिनाभर रोज बघा कोण कुठं अडकतंय. तीस बायका खाली मान घालून लिहून घेत होत्या. शेवटी मेढ्याकडून आलेली, मधाचा धंदा करणारी एक बाई उठली.

"ताई, एवढ्या गडबडीत तुमच्याकडनं कधी राहिलंय का हो असं?"

संयोगिता बाजूलाच हसऱ्या चेहऱ्यानं उभी होती.

"नाही," क्रांती म्हणाली.

परतीच्या एसटीत तिला खिडकीची जागा मिळाली. कराड येईपर्यंत ती बाहेर बघत होती. मोबाइलवर संयोगिताचा निरोप आला, सगळ्यांना तुझं बोलणं फार आवडलं, तुझ्यासारखी माणसं हवीत. क्रांतीनं मोबाइल पर्समध्ये तळाशी घातला. शेजारी बसलेल्या म्हातारीनं विचारलं, "पोरी, बरं वाटंना व्हय?" ती म्हणाली, गाडी लागते.

सप्टेंबरात अण्णांनी घरी बोलावलं. सुधारलेली पानं दाखवायची होती. ती दुपारी मिरजेला गेली. चंपाबाईंनी पोहे आणून ठेवले. अण्णांचे डोळे लाल दिसत होते. ते एकेक पान उघडून वाचून दाखवत होते आणि ती मान हलवत होती, तेवढ्यात दारात एक बाई येऊन उभी राहिली. डोक्यावर पदर, हातात कापडी पिशवी, चेहरा दमलेला.

"अण्णा मगदूम हितंच ऱ्हात्यात का?"

तिचं नाव बयाबाई. आटपाडीजवळच्या खेड्यातली. नवरा हंबीरराव, त्यांच्या दोन्ही किडन्या निकामी, आठवड्यातून दोनदा डायलिसिस. गावच्या दवाखान्यातल्या नर्सबाईंनी कागद दिला होता, त्यावर अण्णांच्या पानाचा पत्ता. हितं सगळं लिव्हलंय, ऱ्हायाचं, जेवायचं, काय काळजी करू नका, असं सांगून.

"पुतण्यानं मोबाइलवर लावून बघितलं तर पान सापडत न्हाई म्हणतंय," बयाबाई म्हणाली. "चार येळा लावलं. मग आमी तसंच आलो. तीन दिस दवाखान्याच्या व्हरांड्यात हाय. खाणावळीतलं खाल्लं, तर ह्यांच्या अंगावर सूज चढली, दम लागाय लागला. डागदर लय बोलले. मीठ कुनी दिलं म्हणले. आमास्नी काय ठावं, मीठ चालत न्हाई ते." तिनं पिशवीतून घडी घातलेला कागद काढला. "औषधाच्या दुकानात इचारलं, त्यांनी तुमचं घर दावलं."

अण्णांनी कागद हातात घेतला. क्रांतीला लांबूनही पत्त्याच्या शेवटचा आकडा दिसला. १४७.

"आता कसे आहेत?" अण्णांनी विचारलं.

"आता बरं हाय. उतरलीया सूज."

अण्णांनी हात जोडले. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, खुर्चीतून उठून, त्या बाईसमोर. "बाई, चूक माझी झाली. माझ्या साइटचं काहीतरी बिघडलंय. मला म्हाताऱ्याला ते जमेना झालंय. तुम्हाला त्रास झाला."

"आवं, तुमी कशाला हात जोडताय," बयाबाई ओशाळून म्हणाली.

क्रांतीच्या हातात पोह्यांची बशी होती. ती तिनं खाली ठेवली, एवढंच.  अण्णा टोपी घालून बाईबरोबर निघाले तेव्हा ती म्हणाली, ऊन आहे, तुम्ही बसा, माझी गाडी आहे, मी सोडते. बयाबाईला तिनं आधी बिनमिठाचं जेवण करून देणाऱ्या घरी नेलं, मग धर्मशाळेत नेऊन नाव लिहिलं. सगळे पत्ते तिला तोंडपाठ होते. अण्णांचं उतरवलेलं प्रत्येक पान तिनंच तर तपासलं होतं. उतरताना बयाबाईनं तिचा हात धरला. "ताई, तुमी लय चांगल्या हाय. एवढं कोन करतंय."

क्रांतीनं गाडी वळवली आणि थेट अण्णांच्या दारात आणून लावली. पण खाली उतरायला तिला बराच वेळ लागला.

अण्णा परत त्याच खुर्चीत बसले होते, कागद हातात.

"अण्णा, चूक तुमची नाही," ती उभ्यानंच म्हणाली. "माझी आहे." मग तिनं सगळं सांगितलं. काय करायचं होतं, का केलं नाही, जुना सर्व्हर कसा गेला. मध्ये थांबली असती तर पुढं बोलता आलं नसतं, म्हणून ती थांबली नाही.

अण्णा ऐकत होते. मग म्हणाले, "तुला कधी कळलं हे?"

"मे महिन्यात."

"हा सप्टेंबर."

"हो."

चंपाबाई आतल्या दाराशी उभ्या होत्या. त्या हळू आवाजातच बोलल्या. "जुलैपासून रोज उजाडायच्या आत उठून लिहितायत. डोळ्यांतून पाणी यायचं. थेंब घालून परत बसायचे. मी म्हणायची पुरे आता, तर म्हणायचे, माझं लिहिणं लोकांना कळेनासं झालंय, मलाच सुधारायला हवं."

क्रांतीनं वर बघितलं नाही. फरशीवर एक मुंगी पोह्याचा दाणा ओढत होती, तिच्याकडं ती बघत राहिली.

"म्हणजे," अण्णा म्हणाले, "माझं लिखाण बिघडलं नव्हतं?"

"नाही अण्णा."

"लोकांना कळत होतं?"

"सगळं कळत होतं. लोक पोचतच नव्हते तुमच्यापर्यंत."

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, परत घातला. "एवढं तरी मला आधी सांगायचं होतंस," ते म्हणाले. रागावले असते तर बरं, असं तिला वाटलं. ते रागावले नाहीत.  मग त्यांनी विचारलं, "दुरुस्त होईल का?"

"जुन्या आकड्यांची यादी गेलीय. कुठला आकडा कुठलं पान, ते कुणालाच..."

"मला माहीत आहे," अण्णा म्हणाले.

आणि खरंच त्यांना माहीत होतं. अकरा वर्षं लोक त्यांना फोन करायचे आणि ते आकड्यानंच सांगायचे, बारा नंबर उघडा, दोनशे चार बघा. दुसऱ्या दिवसापासून क्रांती रोज सकाळी मिरजेला येऊ लागली. ती पानाचं नाव वाचायची, अण्णा डोळे मिटून आकडा सांगायचे. रक्तपेढी, एकोणीस. कन्नड बोलणाऱ्यांसाठी कोण मदत करतं, अठ्ठ्याऐंशी. लहान मुलाचं ऑपरेशन असेल तर आईनं काय न्यावं, दोनशे साठ. कामापलीकडं ते तिच्याशी बोलत नसत. चंपाबाई चहा आणून ठेवत, पण आधीसारखं जेवून जा म्हणत नसत.

दोनशे ऐंशी पानं अशी जुळली. सर्च कन्सोलवर, म्हणजे साइटवर कोण कुठून येतं आणि कुठं अडकतं ते दाखवणाऱ्या जागी, न सापडलेल्या पत्त्यांचे आकडे होते, त्यांतून अण्णांना आणखी काही आठवली. उरलेल्यांसाठी क्रांतीनं दवाखान्यांना फोन केले, जुने छापील कागद ड्रॉवरमधून काढून मागितले. प्रत्येक फोनवर ती आधी आपलं नाव सांगायची आणि चूक माझ्याकडून झाली असं म्हणायची. ते वाक्य दहाव्या वेळीही सोपं झालं नाही. आटपाडीकडच्या नर्सबाई म्हणाल्या, "आवं, आमी तर समजलो अण्णाच गेले. पान उघडंना तवा आमी दोघी-तिघी रडलो बी."

हे तिनं अण्णांना सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवूनही सांगितलं. आता काही झाकायचं नाही, असं तिनं स्वतःला बजावलं होतं. अण्णा हसले. कितीतरी दिवसांनी.

नऊ पानांचे आकडे सापडलेच नाहीत. तसला कुठलाही मेलेला पत्ता उघडला तर कोरं पान येऊ नये म्हणून तिनं एक पान केलं, 'पत्ता बदलला आहे, इथं शोधा', आणि खाली अण्णांचा फोन नंबर. अण्णांनी बदललेल्या पानांच्या आधीच्या प्रती सॉफ्टवेअरमध्ये राहिल्या होत्या. त्या तिनं परत आणल्या. फटकळ मावशी पुन्हा आपल्या जागी आल्या.

छापील कागदांवरचे पत्ते त्याच दिवशी चालू झाले. शोधात वर यायला वेळ लागला. दिवाळीपर्यंत दिवसाला चारशे माणसं येऊ लागली, संक्रांतीला सहाशे. हजार काही अजून झाले नाहीत. 'मिरज राहण्याची सोय' असं शोधलं तर आता लॉजच्या दलालांची एक साइट वर येते आणि अण्णा चौथ्या ओळीत. ती जागा परत मिळेलच, असं क्रांती कुणाला सांगत नाही.

साताऱ्याला तिनं फोन केला. संयोगितानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मेढ्याच्या त्या बाईंचा नंबर पाठवते. तूच सांग." क्रांतीनं तिलाही सांगितलं. कुंडलला मात्र ती अजून बोललेली नाही. सणाला गेली की सुभेदारांनी फोटो लावलेल्या भिंतीकडं पाठ करून बसते.

बयाबाईला सांगायचं राहिलं होतं. हंबीररावांचं डायलिसिस मिरजेतच चालू होतं. फेब्रुवारीतल्या एका दुपारी क्रांती त्या दवाखान्यात गेली. हंबीरराव आत मशीनवर होते, बयाबाई बाहेरच्या बाकावर बसली होती. ओळखून लगेच सरकून तिनं जागा केली. क्रांतीनं तिला जमेल तसं सांगितलं.

"म्हंजी कागद चुकीचा न्हवता?" बयाबाईनं विचारलं.

"कागद बरोबर होता मावशी. कागदावरनं जायचा रस्ता मी मोडला होता. आणि मला ते माहीत होतं."

बयाबाईनं पदर नीट केला. 

"मग तवा गाडीत का न्हाई बोलला? मी तुमचा हात धरला व्हता."

 आतून नर्सनं हंबीररावांच्या माणसांना हाक मारली. बयाबाई उठली, पिशवी खांद्याला लावली आणि आत गेली. क्रांती बाकावर बसून राहिली. निघून जावं असं तिला वाटत होतं, पण हंबीरराव बाहेर येईपर्यंत थांबायचं, त्यांनाही हे सांगायचं, असं तिनं ठरवलं.